इंग्रजीच्या दावणीची जनावरे : प्रस्तावना

इंग्रजीत हट्टी माणूस खेचर असतो, भित्रा कोंबडी असतो आणि लबाड कोल्हा. शेअर बाजार चढू लागला की तो बैलाचा, पडू लागला की अस्वलाचा. निवडणुकीत कोणाच्या ध्यानीमनी नसताना पुढे आलेला उमेदवार काळा घोडा ठरतो आणि मुदत संपत आलेला राष्ट्राध्यक्ष लंगडे बदक. माणसाचा स्वभाव, पैशाची उलाढाल, सत्तेचे डावपेच यांपैकी काहीही सांगायचे झाले की ही भाषा गोठ्यात, तबेल्यात किंवा रानात शिरते. अशा शब्दसमूहांचा अर्थ सुट्या शब्दांवरून लागत नाही. ‘हॉर्स’ ठाऊक, ‘माउथ’ ठाऊक, तरी ‘स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ’ म्हणजे थेट खात्रीच्या माणसाकडून कळलेली गोष्ट, हे कोणी सांगितल्याखेरीज समजत नाही. परक्या भाषेच्या विद्यार्थ्याची अडचण इथूनच सुरू होते.

मराठी शाळेत म्हण आणि वाक्प्रचार असे दोन कप्पे शिकवले जातात. म्हण स्वतंत्र उभी राहते, वाक्प्रचार क्रियापदाच्या आधाराने वाक्यात मिसळतो. इंग्रजीतले प्राणी या दोन कप्प्यांत मावत नाहीत. ‘लेट स्लीपिंग डॉग्ज लाय’ ही म्हण झाली आणि ‘स्मेल अ रॅट’ हा वाक्प्रचार. पण ‘अ‍ॅज स्टबर्न अ‍ॅज अ म्यूल’ ही ठरीव उपमा आहे, ‘अंडरडॉग’, ‘कॉपीकॅट’, ‘स्केपगोट’ हे जोडशब्द आहेत, आणि कधी कधी तर प्राण्याचे नावच क्रियापद होऊन बसते. ‘टू डॉग’ म्हणजे पिच्छा न सोडणे, ‘टू बॅजर’ म्हणजे सारखे भंडावणे, ‘टू फेरेट आउट’ म्हणजे शोधून शोधून बाहेर काढणे. हा शेवटचा प्रकार मराठी विद्यार्थ्याला सर्वांत जास्त चकवतो. मराठीत कुत्रा कितीही मागे लागला तरी तो नामच राहतो, त्याचे क्रियापद होत नाही.

हे सारे शब्दप्रयोग इंग्रजीने घरच्या घरी घडवलेले नाहीत. त्यांतला मोठा आणि जुना वाटा इसापाच्या नावावर चालणाऱ्या ग्रीक कथांचा आहे. ‘लायन्स शेअर’, ‘सावर ग्रेप्स’, ‘क्राय वुल्फ’, ‘डॉग इन द मेंजर’ हे सगळे तिथले. दुसरा वाटा बायबलचा. लांडग्याने पांघरलेले मेंढराचे कातडे आणि डुकरांपुढे टाकलेले मोती ही दोन्ही चित्रे मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातली आहेत. ‘स्केपगोट’ हा शब्द तर विल्यम टिंडल याने १५३० साली जुन्या कराराच्या आरंभीच्या ग्रंथांचे भाषांतर करताना घडवला. लोकांची पापे डोक्यावर लादून रानात सोडून दिलेला बोकड, असे ते मूळ प्रकरण. रोमन कवींनीही थोडी भर घातली. गवतातला साप व्हर्जिलचा आणि डोंगराच्या प्रसूतिवेदनांतून निघालेला उंदीर होरेसचा.

घरची भर पडली ती शेती, लोकर, शिकार आणि जुगार यांतून. मध्ययुगीन इंग्लंडची श्रीमंती लोकरीवर उभी होती. लॉर्ड्स सभागृहाचा अध्यक्ष ज्यावर बसतो त्या आसनाला आजही ‘वुलसॅक’, म्हणजे लोकरीचे पोते, असे म्हणतात. त्यामुळे त्या भाषेत मेंढरांचे कळपच्या कळप सापडावेत यात नवल नाही. ‘कोकरासाठी फाशी जायचे तर मेंढरासाठीच जावे’ या अर्थाची एक इंग्रजी म्हण आहे. ती ऐकायला विनोदी वाटते, पण इंग्लंडमध्ये मेंढी चोरणाऱ्याला १८३२ पर्यंत खरोखरच देहान्ताची शिक्षा होती. शिकारीने ‘हाउंड’ हे क्रियापद दिले. अमेरिकेतल्या रात्रीच्या शिकारीत कुत्रा भलत्याच झाडाखाली भुंकत बसे, त्यावरून ‘बार्क अप द राँग ट्री’ आले. कुत्र्यांच्या झुंजीतून ‘अंडरडॉग’ आणि ‘टॉप डॉग’ निघाले. इंग्लंडात अस्वलांच्या आणि कोंबड्यांच्या झुंजींवर १८३५ च्या कायद्याने बंदी आली, पण त्या आखाड्यांची भाषा आजही वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर सुखाने नांदते आहे.

लंडनच्या सट्टाबाजाराने बैल, अस्वल आणि लंगडे बदक ही तिन्ही जनावरे अठराव्या शतकातच पाळली होती. होरेस वॉलपोल या लेखकाने १७६१ च्या एका पत्रात त्या तिघांचा एका दमात उल्लेख केला आहे. बदकाचे राजकारण नंतर अमेरिकेत घडले. अस्वल कुठून आले, याचे बऱ्यापैकी पटणारे उत्तर एका म्हणीत सापडते: अस्वल मारण्याआधी त्याचे कातडे विकू नये. हातात नसलेला माल आज विकून उद्या स्वस्तात घेऊ पाहणारा दलाल म्हणजे अस्वल. मुंबईच्या शेअर बाजारापाशी आज ब्राँझचा बैल उभा आहे, आणि मराठी अर्थपत्रकारिता ‘तेजी-मंदी’ हे स्वतःचे नेटके शब्द असतानाही अधूनमधून त्याची शिंगे धरते.

पूर्वेकडूनही प्राणी आले. ‘व्हाइट एलिफंट’ सयामच्या दरबारातून आला. राजाने पवित्र पांढरा हत्ती बक्षीस दिला की त्याला कामाला लावता येत नाही आणि विकताही येत नाही, नुसते पोसत बसायचे, अशी त्यामागची कथा. ‘सेक्रेड काऊ’ हा प्रयोग हिंदूंच्या गोपूजेकडे बाहेरून पाहणाऱ्यांनी रूढ केला आणि अमेरिकी वृत्तपत्रांनी त्याला ‘ज्यावर टीका करायची नाही अशी गोष्ट’ हा अर्थ चिकटवला. भारतीय विद्यार्थ्याने हा प्रयोग समजून घ्यावा, पण वापरताना समोर कोण आहे ते पाहावे. मराठीतूनही एक प्राणी इंग्रजीत गेला आहे. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा शब्द मराठी मुंगसापासून गेला. मात्र इंग्रजीने शब्द उचलला तरी मुंगसावर नाव घेण्याजोगा एकही वाक्प्रचार घडवला नाही. सकाळी मुंगूस आडवे गेले की काम होते, हा आपल्याकडचा समज त्या प्रवासात मागेच राहिला.

इंग्रजी प्राण्यांची आणि मराठीची गाठ दोनशे वर्षांहून जुनी आहे. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापाच्या गोष्टी मराठीत निघाल्या. त्या ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने सख्खण पंडितांनी केल्या होत्या. मुंबईत १८२८ साली सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांची ‘इसपनीति कथा’ आली आणि शाळांतून घरोघर पोहोचली. त्याचा परिणाम आज इतका मुरला आहे की ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’, ‘लांडगा आला रे आला’, ‘सिंहाचा वाटा’ हे बोलताना कोणाला परदेशी काही बोलतो आहोत असे वाटत नाही. ‘सिंहाचा वाटा’चा तर आपण अर्थही इंग्रजांच्याच वळणाने घेतला. मूळ कथेत सिंह सगळीच शिकार गिळतो. इंग्रजीने त्याचा ‘सर्वांत मोठा हिस्सा’ केला आणि मराठी वर्तमानपत्रांनी तोच पुढे चालवला. एखाद्याचे सत्कार्यातले योगदानही आता सिंहाचा वाटा म्हणून गौरवले जाते. सिंहाला हा बहुमान इसापाने दिला नव्हता.

दुसऱ्या बाजूने मराठी प्राण्यांची नोंद इंग्रजीत होऊ लागली, आणि त्या कामात मिशनरी व लष्करी अधिकारी पुढे होते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि वाढवलेली दुसरी १८५७ ची. तिच्यात गाढव, घोडा, बैल अशा नोंदींखाली बोलीतले प्रयोग आणि म्हणी भरभरून आहेत. त्याच १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे मांडले. तिथून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. मिशनच्या शाळांमुळे नगर हे मराठी आणि इंग्रजी शेजारी बसवून शिकण्याचे एक जुने केंद्र बनले. पुढे रेव्हरंड अल्फ्रेड मॅनवेरिंग यांनी मराठी म्हणींचा इंग्रजी भाषांतरासह मोठा संग्रह केला. तो १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला आणि त्यात प्राण्यांवरच्या म्हणींना स्वतंत्र विभाग मिळाला. मराठी माणसांनी केलेल्या कामात यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा दोन खंडांतला ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ अजूनही मागे पडलेला नाही. मराठी प्राणी मराठी घरात काय काय करतात हे पाहायचे तर तिथेच जावे लागते.

इंग्रजीतही संग्रहांची परंपरा लांबलचक आहे. इरॅस्मसने १५०० मध्ये ग्रीक-लॅटिन म्हणी गोळा करून वाट घालून दिली आणि जॉन हेवुडने १५४६ मध्ये इंग्रजी म्हणींचे पुस्तक केले. एबेनेझर ब्रूअरचा १८७० चा कोश कथा आणि व्युत्पत्तीच्या हौसेने भरलेला असून वाचायला झकास आहे, विसंबायला तितका नाही. १९२५ मध्ये लोगन पिअरसाल स्मिथ यांनी वाक्प्रचारांचा विचार विषयवार केला. शिकाऱ्यांचे, खलाशांचे, शेतकऱ्यांचे आणि घरातल्या जनावरांचे प्रयोग त्यांनी वेगवेगळे काढून पाहिले. त्यानंतरचा खरा बदल संगणकाने घडवला. १९९५ च्या कोबिल्ड वाक्प्रचारकोशाने लोक प्रत्यक्षात काय लिहितात-बोलतात याचा प्रचंड साठा चाळून नोंदी केल्या, आणि शाळेत पाठ होणारे कितीतरी प्रयोग रोजच्या इंग्रजीत फारसे नसतात हे उघड झाले.

वाक्प्रचार शिकावेत कसे, याबाबत अभ्यासकांत तीन मते दिसतात. जुने मत असे की वाक्प्रचार हा गोठलेला ऐवज आहे, तो आख्खा पाठ करावा आणि आत काय आहे ते विचारू नये. आपल्याकडच्या गाइडांचा संसार याच मतावर चालतो. १९८० मध्ये जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी रूपक हे भाषेचे अलंकरण नसून विचार करण्याची रीत आहे असे मांडले. त्यानंतर प्राण्यांच्या प्रयोगांकडे सुटे-सुटे पाहणे मागे पडले. माणसाला प्राण्याच्या पायरीवर उतरवून त्याची एखादी खोड दाखवायची, अशी एकच रीत शेकडो वाक्प्रचारांच्या मुळाशी आहे, हे त्यामुळे लक्षात आले. तिसरे मत शिक्षकांच्या कामाचे. बेल्जियममधील फ्रँक बोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डच भाषक विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. वाक्प्रचार मुळात कुठल्या धंद्यातून किंवा खेळातून आला हे कळले की तो जास्त काळ ध्यानात राहतो, असे त्यांना आढळले. वाक्प्रचारांच्या अभ्यासकांना विनोदाचेही वावडे नाही. लिन ग्रँट आणि लॉरी बाउअर यांनी २००४ मध्ये वाक्प्रचाराची व्याख्या नव्याने करणारा निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच भलत्या झाडाखाली भुंकणारा कुत्रा आहे.

मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत उपयोगी अभ्यास सुझान इरुहो यांचा १९८६ चा आहे. स्पॅनिश बोलणाऱ्या, इंग्रजी चांगली येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी तीन प्रकारचे इंग्रजी वाक्प्रचार दिले. मातृभाषेतल्याशी जुळणारे सहज आले. अगदीच निराळे होते ते अवघड गेले. आणि जवळपास सारखे, पण एखाद्या शब्दाने वेगळे, असे जे होते तिथे मातृभाषेने सर्वांत जास्त गोंधळ घातला. मराठीत याचा पडताळा कोणत्याही वर्गात येतो. ‘एका दगडात दोन पक्षी’ हे इंग्रजीशी तंतोतंत जुळते असे समजून मूल बिनधास्त लिहिते आणि ‘विथ वन स्टोन’ऐवजी ‘इन वन स्टोन’ लिहून बसते. पक्षी दोन्हीकडे मेले, विभक्ती तेवढी हुकली.

हे पुस्तक अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तिसगाव आणि पाथर्डी तालुक्यातल्या गावांचा विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून रचले आहे. त्यामागे एक ठाम भूमिका आहे. खेड्यातल्या मुलाला इंग्रजीतले प्राणी अवघड जातात ते त्याचे इंग्रजी कच्चे म्हणून, असे सरसकट मानले जाते. पण इंग्रजीतले निम्मेअधिक प्रयोग ज्या जगातून आले ते जग या मुलाने पाहिलेले असते आणि शहरातल्या मुलाने नसते. दावण, गव्हाण, झूल, वेसण, जनावराची खोड, बाजारातली पारख हे सारे त्याच्या अंगणातले आहे. हे भांडवल शिक्षणात वापरले जात नाही, आणि वापरले तर कुठे दगा देते तेही त्याला कोणी सांगत नाही.

तिसगावजवळची मढी याचे चांगले उदाहरण आहे. कानिफनाथांच्या समाधीमुळे मढी नाथसंप्रदायाचे मोठे क्षेत्र आहे. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथे यात्रा चालते आणि रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. गावठी गाढवांबरोबर काठेवाडी गाढवेही येतात. कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी असे ओझ्याचे काम असणारे समाज ती घेतात. घेणारा आधी गाढवाच्या तोंडाला हात घालतो. ओठ वर करून पुढचे दात पाहतो, मग पाय, मग पाठ, मग चाल. दोन दातांचे दुवान, चार दातांचे चौवान अशी वयाची भाषा ठरलेली आहे आणि किमतीची घासाघीस तिच्यावर चालते. बैलबाजारातही आदत, दोन दाती, चौसा, जुळलेला हे शब्द हेच काम करतात.

हा व्यवहार पाहिलेल्या मुलाला ‘डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ’ समजावून सांगावे लागत नाही. दान मिळालेल्या घोड्याचे तोंड उघडून वय तपासू नये, एवढाच त्याचा अर्थ. संत जेरोमने चौथ्या-पाचव्या शतकाच्या सांध्यावर ही म्हण जुनी म्हणून नोंदली आहे, आणि मराठीत ‘धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत’ अशी तिची सख्खी बहीण आहे. तोच धागा धरून ‘लाँग इन द टूथ’ म्हणजे वय झालेला हेही उलगडते, कारण वय वाढते तशा घोड्याच्या हिरड्या मागे सरतात आणि दात लांब दिसू लागतात. ‘हॉर्सेस माउथ’ही त्याच तोंडाभोवतीचे. तो प्रयोग शर्यतीच्या घोड्यांवर पैसे लावणाऱ्यांच्या बोलीत रुळला. कोणता घोडा जिंकणार याची बातमी जॉकी देईल, मोतद्दार देईल, पण खुद्द घोड्याने दिली तर तिच्यापुढे कोणाचेच चालणार नाही. दातांवरून एकदा पारख शिकली की तीन वाक्प्रचार एका दावणीला बांधले जातात. गाइडाच्या यादीत ते तीन वेगवेगळ्या पानांवर, एकमेकांची ओळख नसल्यासारखे असतात.

जुळणाऱ्या जोड्या अशा बऱ्याच निघतात. घोडा पळाल्यावर तबेल्याचे दार लावणे आणि ‘बैल गेला अन् झोपा केला’ यांत फरक आहे तो फक्त जनावराचा. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची गोष्ट दोन्हीकडे आहे. इंग्रजीत ती चौदाव्या शतकात विल्यम लँगलंडच्या काव्यात येते. पाण्याबाहेरचा मासा इथेही तडफडतो, तिथेही. भुंकणारा कुत्रा दोन्ही भाषांत चावत नाही, निदान तशी समजूत आहे.

जवळपासच्या जोड्या जास्त सावधपणे पाहाव्या लागतात. घोड्याचे उदाहरण घेता येईल. मराठीतले घोड्याचे प्रयोग फौजेचे आहेत. ‘घोडामैदान जवळच आहे’, ‘घोडे पुढे दामटणे’, ‘गंगेत घोडे न्हाले’ यांत भीमथडीच्या तट्टांवर स्वार झालेल्या मोहिमांची धूळ आहे. इंग्रजीतले निम्मे घोडे शर्यतीच्या मैदानातले. ‘डार्क हॉर्स’ ही १८३१ च्या डिझरेलीच्या कादंबरीतली शर्यत आहे, ज्याच्याबद्दल कोणालाच माहिती नाही असा घोडा तीत अनपेक्षितपणे पुढे येतो. त्यामुळे त्याला काळा घोडा म्हटले तरी रंगाशी त्याचे काही देणेघेणे नाही, अंधारात ठेवलेला घोडा असा त्याचा भाव आहे. गाढवाचेही तसेच. दोन्ही भाषांत ते मूर्ख आहे, पण मराठीत त्यापलीकडे एक भीषण अर्थही आहे. गाढवाचा नांगर फिरवणे म्हणजे एखादे गाव उद्ध्वस्त करणे. शिवकाळाच्या उंबरठ्यावर आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुण्यावर असा नांगर फिरवल्याचे सांगितले जाते. इंग्रजी गाढवाच्या वाट्याला हे क्रौर्य आलेले नाही. ते बापडे फक्त कान हलवते.

घुबड पूर्ण उलटे आहे. अथेना देवीच्या सोबतीमुळे ते पाश्चात्त्यांत ज्ञानी ठरले. इकडे घरावर बसले तर अशुभ, आणि तोंडाला घुबडाची उपमा दिली तर भांडण. ‘वाइज ओल्ड औल’ वाचून मुले हसतात ती याच कारणाने. अस्तनीतला निखारा आणि छातीशी पोसलेला साप यांत विश्वासघात तोच आहे, पण मराठीने प्राणी टाकून विस्तव घेतला. ‘उंटावरून शेळ्या हाकणे’, ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’, ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ यांना इंग्रजीत त्या-त्या प्राण्यासकट जोड नाही. म्हशीच्या बाबतीत तर इंग्रजी अगदीच कोरडी आहे, कारण त्या देशात म्हैस नव्हती. उलट बाजूने ‘गिनी पिग’सारखे प्रयोग मराठी मुलाला पोरके वाटतात. तो प्राणी ना गिनीचा, ना डुकराच्या जातीचा, आणि प्रयोगशाळेशिवाय इथे त्याची भेटही होत नाही.

महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे आज नोकरीसाठी परीक्षा देणारी पिढी पहिल्या दिवसापासून ती भाषा शिकत आलेली आहे. तरी बँक, कर्मचारी निवड आयोग, लोकसेवा आयोग यांच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकांत वाक्प्रचारांवरचे गुण सर्वांत आधी जातात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना वाक्य उभे करायला शिकवले. वाक्प्रचारांसाठी तसे खात्रीचे साधन उभे राहिले नाही, त्यांच्या वाट्याला याद्या आल्या. त्यात आता मोबाइलवरचे भाषांतर आले आहे. रुळलेला प्रयोग ते बहुधा बरोबर सांगते, मात्र तो कोणाशी बोलताना चालतो, औपचारिक पत्रात बसतो का, आजोबांच्या काळचा आहे का, हे विचारल्याशिवाय सांगत नाही. परीक्षेत गुण मिळवून मुलाखतीत हसे करून घेण्याची सोय तेवढी झाली आहे. मराठी पत्रकारितेचाही या विषयाशी रोजचा संबंध आहे. ‘पांढरा हत्ती पोसणे’, ‘मगरीचे अश्रू’, ‘बळीचा बकरा’ ही अग्रलेखांची नित्याची सामग्री, आणि त्यातले कोणते इथले, कोणते भाषांतरातून आले, हे ओळखता आले तर लिहिणाऱ्याचा हात जास्त मोकळा होतो.

म्हणून या पुस्तकात वर्णानुक्रम नाही. प्राणी त्यांच्या कामाप्रमाणे एकत्र आणले आहेत: दावणीची जनावरे, राखणीची, शिकारीची, रानातली, आणि या मातीत कधीच न आलेली परकी. प्रत्येक प्रयोगापुढे मराठीशी त्याचे नाते दाखवणारी खूण आहे: सारखा, जवळचा, किंवा वेगळा. ‘जवळचा’ ही खूण जिथे आहे तिथे चूक कुठे होते ते उदाहरणाने दाखवले आहे, कारण अभ्यासाचा बराच वेळ तिथेच खर्च व्हावा अशी अपेक्षा आहे. उदाहरणांची वाक्ये बाजार समिती, ग्रामसभा, बँक, कारखान्याची वजनकाट्यावरची रांग, कॉलेजचा प्रवेश अशा ठिकाणची घेतली आहेत. लंडनच्या पावसाळी बागेतली नाहीत. उच्चार देवनागरीत दिले आहेत. ते इंग्रजी ध्वनींच्या जवळ जाणारे आहेत, तंतोतंत नाहीत. शिक्षकाने ते एकदा मोठ्याने वाचून घ्यावेत.

काही प्रयोग मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. बाईला प्राण्याच्या नावाने हिणवणारे इंग्रजी शब्द चित्रपटांत सर्रास येतात, ते समजावेत एवढ्यापुरती एक छोटी सूची शेवटी आहे, उदाहरणाच्या वाक्यांत ते कुठेही वापरलेले नाहीत. ‘परायाह डॉग’ हा प्रयोग दक्षिणेतल्या एका जातीच्या नावावरून इंग्रजीत गेला. त्याचा इतिहास दिला आहे आणि पर्यायी शब्द सुचवला आहे.

व्युत्पत्तीबाबत नियम एकच ठेवला आहे. पुरावा असेल तरच कथा सांगायची. ‘रेड हेरिंग’चा लाक्षणिक अर्थ विल्यम कॉबेटने १८०७ मध्ये लिहिलेल्या एका किश्शातून रूढ झाला, सशाच्या मागावरचे कुत्रे खारवलेल्या माशाच्या वासाने वळवल्याची ती गोष्ट, आणि ती पुस्तकात आहे. उलट ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हा आपल्याकडे सर्वांत आधी शिकवला जाणारा प्रयोग सतराव्या शतकापासून सापडतो, पण तो आला कुठून याचा निवाडा झालेला नाही. गवती छपरावर झोपलेली कुत्री-मांजरे पावसात घसरून खाली पडत, ही सगळीकडे फिरणारी कथा निराधार आहे. आजच्या बोलण्यात तो प्रयोग इंग्रजांच्या तोंडी क्वचितच येतो. त्याच्या नोंदीत म्हणून फक्त अर्थ, एक वाक्य आणि ‘जुना’ अशी खूण आहे, आणि मुसळधार पावसासाठी आज वापरला जाणारा साधा शब्द त्याच्याशेजारी छापला आहे.